आमची वाटचाल: खिळ्यांपासून भाड्याच्या सॉफ्टवेअरपर्यंत

सांगलीतील आमचा छपाई आणि अक्षरजुळणीचा व्यवसाय वडिलांनी ट्रेडल या पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर सुरू केला आणि १९९० च्या दशकात तो संगणकावर आला. सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, पतसंस्थांची पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, परिसरातील लेखकांची पुस्तके आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक, हे काम तेव्हाही होते आणि आजही आहे. काम तेच राहिले तरी ते करण्याची साधने आणि त्यावरचे सरकारी नियम सतत बदलत गेले. या बदलांतून आमचे एक मत पक्के झाले आहे, आणि ते ग्राहकांसमोर स्पष्टपणे मांडावे असे वाटते. सॉफ्टवेअर कंपनी असो वा सरकार, बदल जाहीर करणाऱ्याला त्याचा खर्च सोसावा लागत नाही. तो लहान व्यावसायिकाच्या वेळातून आणि खिशातून वसूल होतो. हे मत कोणाला कडवट वाटेल, परंतु ते आमच्या हिशेबाच्या वह्यांतूनच आलेले आहे.

खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, काळाचे आम्हाला भाबडे कौतुक नाही. शिशाचे खिळे जुळवताना कंपोझिटरचे डोळे आणि पाठ दोन्ही जात, आणि एका फर्म्याचे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या संचाचे, प्रूफ दुरुस्त करण्यात दिवस मोडत असे. तरीही एक गोष्ट त्या काळात निर्विवाद होती. विकत घेतलेला खिळा झिजेपर्यंत आपला असे, आणि खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने पुढे काय ठरवले याचा त्याच्यावर कोणताही परिणाम होत नसे.

संगणकावर आलो तेव्हा पेजमेकर हे मांडणीचे सॉफ्टवेअर होते. त्यात मराठी अक्षरे आणण्यासाठी वेगळे फॉन्ट-पॅकेज घ्यावे लागे. या पॅकेजसोबत एक हार्डवेअर लॉक येई, ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावले की अक्षरे उमटत आणि काढले की काम थांबे. त्या काळी जोडाक्षरे हाताळण्याची सोय संगणकाच्या मूळ प्रणालीत नव्हती, म्हणून प्रत्येक फॉन्ट-कंपनीने रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की अर्थहीन रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच ठरले होते आणि युनिकोड या जगातील लिप्यांसाठीच्या सामाईक मानकाच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण मानक कागदावर असणे आणि ते बाजारात पाळले जाणे यांत मोठे अंतर असते. ग्राहक एकदा एका फॉन्टमध्ये अडकला की तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे विकणाऱ्यांच्या सोयीचे होते, आणि त्यांना मानक पाळायला लावील असा ग्राहक म्हणजे सरकार. तेही बराच काळ वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळे फॉन्ट वापरत राहिले.

पुढचे दशक आमच्यासारख्या सर्व अक्षरजुळणीकारांसाठी विचित्र गेले. विंडोज २००० पासून संगणकाला युनिकोड देवनागरी समजू लागली, आणि लेखक मंडळी घरी बसून युनिकोडमध्ये लेख टंकून ईमेलने पाठवू लागली. मात्र मांडणीच्या प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट दिसायला २०१२ उजाडले. तोपर्यंत लेखकाने योग्य मानकात पाठवलेला मजकूर आम्ही जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करत होतो, म्हणजे पुढचे पाऊल मागे घेत होतो. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर होती, पण ती रफार चुकीच्या अक्षरावर नेऊन ठेवत, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटवत आणि ‘दुसऱ्या’ व ‘आचार्य’ यांतील दोन वेगवेगळे र एकसारखे करून टाकत. त्यामुळे एकदा तपासलेला मजकूर मुद्रितशोधकाला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागे, आणि त्या दुसऱ्या वाचनाचे पैसे कोणत्याही ग्राहकाकडून मागता येत नसत.

अखेर मराठीची जोडाक्षरे नीट बसू लागली आणि लगेच पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ते सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, केवळ भाड्याने मिळतील. एकरकमी पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचे आणि जमेल तितकी वर्षे वापरायचे, हा लहान व्यवसायाला परवडणारा मार्ग त्यामुळे बंद झाला. दिवाळी अंकाच्या आधीचे तीन महिने आमच्याकडे रात्रपाळी असते आणि उन्हाळ्यात लग्नसराईनंतर संगणक रिकामे असतात, पण भाडे बाराही महिने चालू राहते. त्याहून गंभीर बाब अशी की भाडे थांबवले तर आम्हीच तयार केलेल्या जुन्या फाइली आम्हाला उघडता येत नाहीत. भाड्याच्या बरणीत घातलेले लोणचे बरणीबरोबर परत जावे, तसा हा व्यवहार आहे. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. इंग्रजी मुद्रणासाठी आम्ही रीतसर पैसे मोजून घेतलेले फॉन्ट त्यामुळे निकामी झाले, आणि ज्या पुस्तकांची पुढची आवृत्ती काढायची होती त्यांची पाने पुन्हा लावावी लागली. त्या फॉन्टमध्ये कोणताही बिघाड नव्हता. आमच्या व्यवसायातील अनेक जण चोरीची प्रत वापरतात. आम्ही ती वापरत नाही, परंतु ज्याचे मासिक उत्पन्नच भाड्याच्या आकड्याला टेकते त्याला दोष देताना आमची जीभ अडखळते.

सरकारी धोरणांचा अनुभव याहून वेगळा नाही. एप्रिल २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट हा विक्रीवरचा कर आला आणि १ जुलै २०१७ रोजी त्याची जागा वस्तू व सेवा कराने (जीएसटी) घेतली. विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचे विवरणपत्र एकमेकांशी जुळवून पाहणारी पूर्ण संगणकीय व्यवस्था येणार, असे तेव्हा सांगितले होते. त्यासाठी जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ ही विवरणपत्रे आखली होती, त्याप्रमाणे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेतले गेले, प्रशिक्षणे झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती दोन्ही विवरणपत्रे स्थगित करण्यात आली. ती पुढे कधीच लागू झाली नाहीत. जुलै २०१७ चे जीएसटीआर-३बी हे संक्षिप्त मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २० ऑगस्टवरून २५ ऑगस्टवर न्यावी लागली, कारण संकेतस्थळ गर्दी पेलू शकले नाही.

या सर्वांत आम्हाला सर्वाधिक अन्यायकारक वाटलेला नियम म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून मिळणारी वजावट विक्रेत्याच्या वागणुकीवर अवलंबून ठेवणारा नियम. ऑक्टोबर २०१९ मध्ये असे ठरले की विक्रेत्याने आपल्या विवरणपत्रात दाखवलेल्या वजावटीच्या वर फार तर २० टक्के अधिक वजावट घेता येईल. जानेवारी २०२० मध्ये ही मर्यादा १० टक्के झाली, जानेवारी २०२१ मध्ये ५ टक्के झाली आणि जानेवारी २०२२ पासून अशी जादा वजावट पूर्ण बंद झाली. म्हणजे कागदाच्या व्यापाऱ्याला आम्ही कर चुकता केला, त्याचे बिल आमच्याकडे आहे, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आहे, आणि तरीही त्याने विवरणपत्र भरले नाही तर तोच कर आम्हाला आमच्या खिशातून भरावा लागतो. ज्याच्यावर सरकारचे नियंत्रण चालते त्या विक्रेत्याकडून वसुली करण्याऐवजी, ज्याचे त्या विक्रेत्यावर काहीही नियंत्रण नाही अशा ग्राहकाकडून वसुली करणे सोपे आहे, म्हणून हा नियम तसा झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. आता प्रत्येक महिन्याला पैसे देण्याआधी आम्ही व्यापाऱ्याचे विवरणपत्र भरले आहे का ते पाहतो. हे काम कर खात्याचे आहे.

पुस्तकांच्या बाबतीत तर करांची रचना उलटीच बसली आहे. छापील पुस्तकावर कर नाही, ही चांगली गोष्ट म्हणून सांगितली जाते. परंतु पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तो कर पुस्तकाच्या किमतीत मिसळतो. १८ जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांसाठीचा साधा कागद करमुक्त झाला आणि छपाईचा इतर कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. पुस्तक स्वस्त ठेवायचे आहे असे म्हणायचे आणि ते ज्या कागदावर व शाईने छापायचे त्यावर कर वाढवायचा, याला धोरण म्हणता येईल असे आम्हाला वाटत नाही. पाचशे प्रती काढणाऱ्या कवीला हा फरक थेट सोसावा लागतो.

लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत ही तरतूद २००६ च्या कायद्यात आहे, पण तिचा उपयोग होत नव्हता. म्हणून प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब(ह) आले: एप्रिल २०२४ पासूनच्या कर निर्धारण वर्षासाठी, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा करता येतो. हेतू योग्य होता आणि आम्ही त्याचे स्वागत केले. परंतु एका मोठ्या ग्राहकाने आम्हाला फोन करून उद्यम ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी रद्द करण्याचे सुचवले, म्हणजे त्यांना मुदत पाळावी लागणार नाही. आम्ही नोंदणी रद्द केली नाही, आणि त्यांचे वार्षिक अहवालाचे काम त्या वर्षी दुसरीकडे गेले. लहान माणसाच्या संरक्षणासाठी केलेला नियम वापरण्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

इतके लिहिल्यावर आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहोत असा समज होऊ नये. प्लेट थेट संगणकावरून निघू लागल्यापासून निगेटिव्ह आणि ट्रेसिंगची कटकट गेली. जुन्या पुस्तकाचे पान स्कॅन करून त्यातून मजकूर ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर आज मराठीसाठी बऱ्यापैकी चालते आणि टंकनाचे कितीतरी श्रम वाचवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कागदाचा साठा गेला, पण ग्राहकांच्या फाइलींच्या प्रती दुसऱ्या गावी ठेवलेल्या असल्याने एकही पुस्तक हरवले नाही. आमचा आक्षेप साधनाला नसून त्याची दोरी कोणाच्या हातात राहते याला आहे. अलीकडे अनेक संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले अध्यक्षांचे मनोगत आमच्याकडे पाठवतात. त्यातले मराठी मुद्रितशोधकाला सरळ करावे लागते हा एक भाग झाला. परंतु आज जे फुकट मिळते आहे ते सवय लागल्यावर भाड्याचे होईल, अशी आमची खात्री आहे, कारण मागच्या वेळी तसेच झाले.

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही बदल केले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि नव्या आवृत्तीला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या जुन्या संगणकांत नाही. चांगले चालणारे संगणक भंगारात न काढता आम्ही त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली बसवली. टंकनाचे आणि मुद्रितशोधनाचे सर्व काम आता त्यावर इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाने होते. साध्या मजकुराच्या पुस्तकांची मांडणी आम्ही स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करतो, त्याची १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित बसतात. रंगीत कामांसाठी मात्र भाड्याचे सॉफ्टवेअर अजून सुटलेले नाही, आणि ते सुटले आहे असे सांगणे खोटे ठरेल. फॉन्टच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, ते कोणालाही कोणत्याही संगणकावर वापरता येतात.

पुस्तक किंवा अहवाल पूर्ण झाला की ग्राहकाला छपाईची पीडीएफ, युनिकोडमधील संपूर्ण मजकूर आणि वापरलेल्या मुक्त फॉन्टच्या फाइली आम्ही देतो, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही. पुढची आवृत्ती त्यांनी दुसऱ्या छापखान्यात काढली तरी मजकूर त्यांचाच राहील. २०१२ पूर्वी ज्यांची पुस्तके किंवा दिवाळी अंक आमच्याकडे झाले, त्यांचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणण्याचे काम सध्या सुरू आहे. ज्या लेखकांना आणि संस्थांना तो हवा असेल त्यांनी दुकानात येऊन पुस्तकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष सांगावे. पेन ड्राइव्ह सोबत आणावा, आणि रफार व ऱ्य तपासून झाल्याखेरीज फाइल दिली जात नाही, म्हणून थोडा अवधी धरावा.