चाक अडतं कुठे? नीरेपासून बरडपर्यंत

नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घडतं, त्याच दिवशी पालखी पुणे जिल्हा मागे टाकून सातारा जिल्ह्यात येते. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम आणि पुढे धर्मपुरीला सोलापूरची हद्द. एवढ्या वाटेत चालता चालता गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं चक्र आठवत राहतं, कारण ते पायाखालीच चालू असतं, नाहीतर अडलेलं असतं.

अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. धूर केला की ढग येतात, असा बाळबोध अर्थ काढून पुष्कळ जण हा श्लोक ओलांडतात. पण दोनच श्लोक मागे सांगितलंय की, ज्यांनी दिलं त्यांना परत न देता जो भोगतो तो चोरच, ‘स्तेन एव सः’. आणि सोळाव्या श्लोकात, फिरतं ठेवलेलं चाक जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं फुकट. म्हणजे यज्ञ हा देण्याघेण्याचा हिशेब आहे. घेतलेलं परत द्यायचं, आणि घेणाऱ्याला पचेल अशा रूपात द्यायचं. हे पचण्याचं आम्ही आमच्या पदरचं जोडलं, पण दिंडीत सगळं त्याच्याशीच येऊन ठेपतं.

पहिली परीक्षा नीरेच्या घाटावर. स्नानाचं पुण्य आपल्याला, साबण मात्र नदीला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी टाकू नये असं स्वच्छ सांगितलंय. साबण तेव्हा नव्हता इतकंच. दिंडीसाठी साधी रीत अशी: नदीत बुडी मारायची ती साबणाविना. अंग घासायचं आणि कपडे धुवायचे ते काठापासून शंभरेक फूट लांब, बादलीतल्या पाण्यानं, जिथे सांडपाणी मातीत मुरेल. चिखलाच्या काळ्या रानात ते मुरत नाही, साचतं आणि उताराला लागून परत नदीत जातं. म्हणून मुरमाड जागा आधी हेरून ठेवावी लागते. निर्माल्याची टोपली घाटावर ठेवलेली असते, पण फुलांबरोबर प्लॅस्टिकची पिशवीही तशीच आत जाते आणि सगळी टोपली वाया जाते. टोपलीजवळ माणूस उभा हवा. फलक उभा करून भागत नाही.

लोणंदला पहिली काळजी पिण्याच्या पाण्याची. टँकरच्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरला 50 ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून घट्टसर लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून कळणारी चाचणी, घ्यायची. पिवळा रंग आला नाही तर पाणी वाटायचं नाही. चूक बहुतेक वेळा पावडरीतच असते. उघडं पोतं पावसाळी हवेत चार दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातो. मग माप बरोबर असूनही टेस्ट कोरी येते आणि माणसं अंदाजानं दुप्पट ओततात. पाण्याला वास येऊ लागला की वारकरी तो टँकर सोडून बाटलीबंद पाण्याकडे वळतात. बाटल्यांचा डोंगर असा एका उघड्या पोत्यापासून सुरू होतो.

आता ताटं. 200 माणसांच्या दिंडीला दोन वेळच्या जेवणाला रोज 400 पत्रावळ्या लागतात, वर दोन वेळच्या चहाचे 400 कप. साताऱ्यातले पाच दिवस धरले तर नग चार हजार. थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आहे. त्याच्या जागी आलेली चकचकीत कागदी पत्रावळ जास्त फसवी, कारण तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कागद कुजतो, थर तसाच राहतो. भाताचा वास लागलेली ती पत्रावळ गाय गिळते. ओळखायची खूण सोपी आहे: कोपरा फाडून पाहायचा. पातळ पापुद्रा ताणला गेला तर थर आहे. पळसाची, काडीनं टाचलेली पत्रावळ खरी; पण ती पावसात भिजली की बुरशी धरते, म्हणून ट्रकमध्ये वरच्या फळीवर, हवा लागेल अशी ठेवावी.

याहून बरं म्हणजे ज्याचं ताट, वाटी, तांब्या त्याच्याजवळ. जुन्या वारकऱ्याच्या पडशीत हे असायचंच. धुण्याला पाणी फार लागतं ही तक्रार खरी आहे, पण ती नळाखाली धुणाऱ्यांची. तीन घमेल्यांच्या रीतीत ताटाला लिटर-सव्वा लिटर पाणी पुरतं. खरकटं आधी हातानं निपटून बादलीत. पहिल्या घमेल्यात राख आणि काथ्यानं घासणं, दुसऱ्यात विसळणं, तिसऱ्यात स्वच्छ पाण्याची शेवटची बुडी. प्रत्येक घमेलं 40 लिटरचं धरलं तर साठ-सत्तर ताटांनंतर पहिलं ओतून द्यायचं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवायचं, तिसरं दुसऱ्याच्या, आणि नवं पाणी फक्त शेवटच्यात. हे सरकवणं न कळल्यानं लोक तिन्ही एकदम रिकामी करतात आणि पाणी तिप्पट जातं. गॅस आल्यापासून राख मिळत नाही, हीही अडचण आहे. वाटेतल्या एखाद्या घरी चूल असते, तिथे मागितली की पिशवीभर मिळते.

योगसूत्रांतला अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न बाळगणं, इथे ट्रकच्या मापानं मोजता येतो. ताट जवळ बाळगणारी दिंडी पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांची जागा वाचवते. त्या जागेत दोन पिंपं पाणी मावतं.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. अश्व दौडून गेले की त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्याच मातीत दहा मिनिटांनी चहाचे कप रुतलेले दिसतात. याचा दोष आम्ही एकट्या वारकऱ्याला देत नाही. रस्त्याकडेचं अन्नदान बेहिशेबी असतं. एका किलोमीटरच्या आत तीन ठिकाणी खिचडी, चार ठिकाणी चहा, पाण्याचे पाऊच, बिस्किटांचे पुडे. चालणाऱ्याचं पोट एकच. दात्यांना आमची विनंती: ग्लास ठेवू नका, तोटीचं पिंप ठेवा आणि तांब्यात पाणी भरून द्या. केळी द्या, सालीसाठी शेजारी पाटी ठेवा, साल गुरांना जाते. आणि शेजारच्या मंडळाला आदल्या दिवशी विचारा, तुम्ही काय देताय? एवढ्यानं निम्मी नासाडी थांबेल.

तरडगावहून फलटणचा टप्पा लांब, दोन्ही हातांना नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. मागे नीरेजवळ पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. को 86032 ही मूळची कोइमतूरची जात महाराष्ट्रात प्रसारित झाली ती तिथूनच. चक्राचा सगळ्यात सोपा धडा इथल्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात आहे; त्यातल्या पाचटात, उसाच्या वाळलेल्या पानांत. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. ते पेटवलं की एका दुपारी संपतं, मातीतले जिवाणूही भाजून निघतात. कुजवायचं तर पाचट सरीत पसरून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. युरिया न देता नुसतं पाचट ठेवलं तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, खोडवा पिवळा पडतो, आणि शेतकरी म्हणतो पाचटानं पीक घालवलं. ओल नसेल तरीही काम होत नाही. वारी जाते त्या दिवसांत दोन्ही तऱ्हेची रानं शेजारी शेजारी दिसतात.

याच रस्त्यावर झाडांना खिळ्यांनी ठोकलेले फलक दिसतात. फ्लेक्सच्या कापडावर ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’, आणि वडाच्या खोडातून खिळ्याभोवती चीक ओघळतोय. तुकोबांनी सोयरे म्हटलं. सोयऱ्याला कोणी खिळा मारतं का?

फलटणला विमानतळावर तळ. संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा समाज शांत होतो. हरवलं-सापडलं तिथेच पुकारलं जातं. कचऱ्याची सूचनाही तिथूनच व्हावी असं आम्हाला वाटतं, कारण भोंग्यावरून सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

फिरती शौचालयं आली, फार मोठा फरक पडला. ती दोन कारणांनी बिघडतात: पाण्याचा टँकर गर्दीत अडकतो, किंवा मैला उपसणारी गाडी वेळेवर येत नाही. रांग वाढली की माणसं पुन्हा शेताकडे वळतात. म्हणून दिंडीनं स्वतःचा चर खणून ठेवावा. रुंदी एक फूट, खोली तीन ते पाच फूट, 100 माणसांना दहा-बारा फूट लांबी, बायकांचा वेगळा आणि आडोशाचा. विहीर, ओढा यांपासून किमान 100 फूट. खणलेली माती काठावरच ढीग करून ठेवायची आणि प्रत्येकानं उठताना खोरंभर टाकायची. माशी बसत नाही ती यामुळे. वर एक फूट उरला की चर बुजवून माती दाबायची. काळ्या रानात रात्री पाऊस झाला तर चर भरतो, कडा ढासळतात. तिथे दोन उथळ चर बरे, आणि उताराच्या वरच्या अंगाला पाणी वळवायला वीतभर नाली. सॅनिटरी पॅड चरात किंवा फिरत्या शौचालयात अजिबात नाही, नळी तुंबते. कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात.

अथर्ववेदातल्या भूमिसूक्तात खणणाऱ्याचं मागणं आहे: भूमी, तुझं जे मी खणतो ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्माला माझ्याकडून इजा न होवो. खोरं हातात असलेल्या माणसासाठी याहून नेमकी सूचना आम्हाला कुठे सापडली नाही. बुजवलेल्या चरावर काठी रोवून ठेवतो, म्हणजे रानमालकाला नांगरताना कळावं.

उरलेल्या अन्नाचा खड्डा मात्र वेगळा. सहा इंच पाचट, तीन इंच खरकटं, वर शेणकाला, पुन्हा पाचट. खरकटं जास्त झालं की आंबूस वास सुटतो, मग कोरडं पाचट वाढवायचं. पंधरवड्यानं उलथापालथ, आणि अडीच-तीन महिन्यांत खत. उलथायला आम्ही नसतो, म्हणून हा खड्डा विचारून एखाद्या शेतकऱ्याच्या बांधालाच करावा. बेवारस खड्ड्यावर कुत्री येतात.

बरडला पुढचं रान कोरडं होत जातं. रोपं लावायचा उत्साह इथे उतू जातो आणि बहुतेक रोपं शेळ्या खातात. वीतभर रोपापेक्षा वडाची मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटी फांदी लावावी: दीड-दोन फूट खोल, वरच्या कापाला शेणमातीचा लेप, भोवती काटेरी झुडपं. शेंडा शेळीच्या तोंडाला लागत नाही. गावातल्या एका घराकडे ती सोपवल्याशिवाय लावू नये.

पहाटे दिंडी हलते तेव्हा सहा जण मागे थांबतात. पोती, खोरी, हातमोजे आणि एक कंदील. उजाडेपर्यंत आपल्या राहुट्यांची जागा चालून पाहायची, दोरीचे तुकडे आणि तंबूच्या खुंट्याही उचलायच्या, कारण खुंटी नांगराला लागते. मग मिळेल त्या गाडीनं धर्मपुरीला दिंडी गाठायची.