श्रावणातला मासळीचा वास

डोंबिवलीच्या त्या घरून तक्रार एवढीच होती की बाथरूमचा दिवा फडफडतो. एलईडी बदलून झाला होता, आधीच्या वायरमनने स्विच बदलला होता, एमसीबीही, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, नवी टाकली होती. दिवा फडफडतच होता, आणि तोही फक्त सकाळी.

मी स्टूल मागितलं तर आजी म्हणाल्या, "दिव्याचं बघ रे सावकाश, आधी या खालच्यांना कुणीतरी सांगा. सहा वाजल्यापासून मासे तळायला बसतात." घर कडक शाकाहारी, खालच्या मजल्यावर मालवणी कुटुंब. कमिटीकडे अर्जही गेला होता. खालच्या काकूंचं म्हणणं, आम्ही अख्खा श्रावण पाळतो, घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि महिना श्रावणाचाच चालू होता.

मी रत्नागिरीकडचा, मासळीच्या वासावर मला कुणी शिकवायला नको. आजींना विचारलं, वास नेमका कुठे येतो? बाथरूमच्या दारात. स्वयंपाकघरात? तिथे नाही. खालच्याकडे मासे तळले तर वास आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर यायला हवा. आणि केव्हा येतो? सगळ्यांच्या आंघोळी चालतात तेव्हा. म्हणजे गिझर चालू असतो तेव्हा.

कनेक्टर, होल्डर, स्विच यांच्या काही प्लास्टिकमध्ये युरियापासून बनवलेलं रेझिन असतं. ते तापलं की अमाइन जातीचे वायू सुटतात, आणि मासळीचा वासही अमाइनचाच. जळक्या फिटिंगचा वास मासळीसारखा येतो हे जुन्या वायरमनना माहीत असतं, पण घरच्यांना कोण सांगणार?

गिझरच्या पॉइंटची प्लेट खोलून सॉकेटच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावला. गिझर बंद असताना २३१ व्होल्ट, एकदम ठणठणीत. इथेच बरेच जण मीटर गुंडाळून ठेवतात. टेस्टर लावा, तोही झकास पेटतो. कारण टेस्टरला आणि मीटरला लागतो तो करंट नगण्य. अर्धामुर्धा चिकटलेला जॉइंटही तेवढा सहज देतो. वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या बीपचंही तेच. कित्येक मीटरचा बीप वीस-तीस ओहमलाही वाजतो, आणि मला शोधायचा होता एका ओहमच्याही आतला दोष. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्सच पाव-अर्धा ओहम असतो, त्यात तो कुठे सापडायचा!

म्हणून गिझर चालू करून परत मोजलं. डीबीमध्ये, म्हणजे घरच्या एमसीबींच्या पेटीत, २२८, पॉइंटवर २२१. क्लॅम्प मीटरवर ८.४ अँपियर. वायर २.५ स्क्वेअर एमएमची, डीबी ते बाथरूम अंतर बारा मीटरच्या आसपास. एवढ्या वायरीत दीडेक व्होल्ट पडणार हे धरून चाललो. उरलेले साडेपाच व्होल्ट कुठेतरी एकाच ठिकाणी पडत होते. साडेपाच गुणिले ८.४ म्हणजे सेहेचाळीस वॅट. आमचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. तसली जवळजवळ दोन, भिंतीत, रोज सकाळी.

मेन बंद करून, सप्लाय गेल्याची खात्री करून माळ्यावर चढलो. बाथरूमच्या दारावरचा जंक्शन बॉक्स रंगाखाली बुजला होता. झाकण उघडलं आणि तो वास भसकन नाकात शिरला. आत पट्टी कनेक्टरचा कापलेला तुकडा, दिवा-पंख्याला चालेल असा बारका. नूतनीकरणात गिझर दुसऱ्या भिंतीवर नेला, वायर कमी पडली, म्हणून इथे जोड मारलेला. फेज ठीक होता. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, भोकात निम्म्याच तारा गेलेल्या, बाकीच्या कापून टाकलेल्या, आणि स्क्रू दाबला होता तो वायरीच्या इन्सुलेशनवर. पितळ काळं पडलं होतं, प्लास्टिक करपून तडकलं होतं. दिव्याचा न्यूट्रलही तिथूनच घेतलेला, त्यामुळे तो फडफडायचा.

घरातले काका म्हणाले, "पण एमसीबी नवी आहे ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. एमसीबी जास्त करंटला पडते. सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. करंट बाहेर गळला की पडणारी आरसीसीबीही गप्प बसते, कारण गेलेला करंट सगळा न्यूट्रलमधून परत येतोच. सैल कनेक्टर या दोघींच्या डोळ्यांदेखत जळतो.

अखंड वायर ओढायची होती, पण पाइपात सिमेंट गेलेलं, स्प्रिंग पुढे सरकेना. मग काळं तांबं लख्ख लागेपर्यंत कापलं, अकरा मिलिमीटर सोललं आणि ३२ अँपियरचे लिव्हरवाले कनेक्टर लावले. प्रत्येक तार हाताने खेचून पाहिली. इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मेगरने, ५०० व्होल्टवर ते तपासलं. पण खरी परीक्षा लोडवरच, म्हणजे गिझर करंट ओढत असताना.

त्यातही एक मेख आहे. पंधरा लिटरचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत गरम होऊन कट होतो, मग लोड कुठून आणायचा? म्हणून काकांना सांगितलं, नळ सोडून ठेवा. आजींना पाणी वाया जाणं खपेना. त्यांनी चादरी काढल्या, नातवंडांना पुन्हा आंघोळीला धाडलं, खालच्या काकूंनासुद्धा बादलीभर पाठवलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर डीबी आणि पॉइंटमध्ये फरक पावणेदोन व्होल्ट. मेन पाडून कनेक्टरवर बोट ठेवलं, थंड होता.

बादलीबरोबर जळका तुकडाही खाली गेला होता. काकूंनी म्हणे तो नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ह्येच्यापेक्षा आमचो सुको बांगडो बरो." अर्ज मागे घेतला की नाही ते मी विचारलं नाही, तो माझा विषय नव्हे.

माझा विषय पुढे होता. एकाच माणसाच्या हातचं काम सगळीकडे सारखंच असतं, म्हणून एसीच्या पॉइंटवरही लोड टाकून मोजलं. तिथे नऊ व्होल्ट पडत होते. त्याचा जोड पीओपीच्या छतात, छत फोडायला काका लगेच तयार होईनात. एसीची एमसीबी पाडली, तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली आणि रविवारची वेळ ठरवून निघालो.