एका बाजूला एक रेघ, दुसऱ्या बाजूला दोन

पाचगणीच्या एका गेम पार्लरवाल्या शेठनी भंगारातून दोन परदेशी मशिनं उचलली आणि साताऱ्याला माझ्या दुकानात आणून टाकली. एक जपानी व्हिडिओ गेमचं कॅबिनेट, दुसरं इटलीतल्या बोलोन्याच्या झकारिया कंपनीचं पिनबॉल. "नाणं कुठलं लागतं तेवढं सांगा, मी तसली टोकनं पाडून घेतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

जपानी मशिननं फार छळलं नाही. फटीशेजारीच १०० येन लिहिलेलं. हे नाणं २२.६ मिमीचं, ४.८ ग्रॅमचं. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिमीचा, म्हणून शेठना तोच चालवायचा होता. पण तो स्टीलचा. सिलेक्टरच्या, म्हणजे फटीमागच्या खरंखोटं नाणं पारखणाऱ्या यंत्रणेच्या, पोटात लोहचुंबक बसवलेला असतो तो लोखंडी वायसर अडवायला. रुपया तिथंच जाऊन चिकटतो. पितळी टोकनाची वेगळीच तऱ्हा. चुंबक पितळेला धरत नाही, पण त्याच्यापुढून जाताना पितळ येनच्या तांबं-निकेलपेक्षा जास्त मंदावतं. वेग पडला की पुढच्या खुंटीवरची उसळी कमी पडते आणि टोकन परत करायच्या नळीत जातं. चुंबक काढून टाकायचा मोह होतो, पण मग पोरं वायसर टाकायला मोकळी. मी खुंटीचा स्क्रू सैल करून पितळेपुरती जागा सरकवली.

खरी गंमत पिनबॉलमध्ये होती. कॉइन डोअरची, म्हणजे नाण्याच्या फटीच्या दाराची, किल्ली नाही, म्हणून कुलूप ड्रिल केलं. सिलेक्टरवर ना नाव, ना नंबर. अशा वेळी मी नाण्याऐवजी आधी वाट मोजतो: सिलेक्टरमध्ये नाणं झेलणाऱ्या पाळण्याच्या दोन टोकांत किती व्यासाचं नाणं तोलून राहील, आणि किती लहान असलं की मधून खाली निसटेल. मोजायचा व्हर्नियर २४ मिमीच्या आसपास थांबला. अमेरिकन क्वार्टर २४.२६, इटलीचं २०० लिरा २४. नाणी जमवणारे आमचे एक काका शाहूपुरीत राहतात; त्यांच्याकडून दोन्ही मागून आणली. पाळण्यात हातानं ठेवली तर व्यवस्थित बसतात, बाहेरून टाकायला जावं तर फटीच्या तोंडाशीच अडतात!

टॉर्च मारून बघितलं. फटीच्या आतल्या अंगाला, एका बाजूला मधोमध एक बारीक कंगोरा, समोरच्या बाजूला दोन. गंज नव्हता, मुद्दाम ठेवलेले होते. काकांना फोनवर सांगितलं तर हसलेच. म्हणाले, "अरे, हा तर जेत्तोने!" इटलीत सार्वजनिक फोनला ही टोकनं लागायची, २४ मिमी, एका तोंडावर एक सरळ खाच, दुसऱ्यावर दोन. शेवटी शेवटी एकाची किंमत २०० लिरा होती आणि सुट्ट्याच्या टंचाईत दुकानदारही ती नाण्यासारखी घ्यायचे. २००१ च्या अखेरीस बंद झाली. काकांच्या डब्यात एक होतं. खाचा आडव्या धरून ढकललं, आणि आत स्विचच्या तारेचा 'टिक्' आवाज आला.

शेठ म्हणाले, "कानस मारून कंगोरे घालवा की." मी नाही म्हटलं. या मशिनची राखण त्या कंगोऱ्यांवरच आहे. ते गेले की २४ मिमीचं काहीही आत जाणार. त्यापेक्षा एमआयडीसीतल्या टर्नरमामांकडून पितळी सळईच्या चकत्या कापून घेतल्या आणि नमुना देऊन खाचा पाडून घेतल्या. खाचेची खोली त्यांनी पहिल्यांदा जराशी कमी ठेवली होती, चकती तोंडातच घट्ट बसायची. पुन्हा एक हात मारल्यावर सुटली.

एक अडचण उरली. हे टोकन उलटं धरलं तर जात नाही, आणि गिऱ्हाईक मग जोर लावतं. म्हणून फटीवर स्टिकर लावलाय: 'दोन रेघा डावीकडे, आडव्या धरा.'