कुत्रा म्हणून आत गेलेली माणसं

सौर प्रकल्पातली केबलचोरी सकाळीच कळते. रात्री स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सौर पॅनेलांच्या साखळीत, करंटच नसतो, त्यामुळे केबल कापली तरी स्काडाच्या, म्हणजे प्रकल्पावर नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या पडद्यावर काही हलत नाही. चोरांनाही तेच सोयीचं. दिवसा त्याच केबलमध्ये हजार व्होल्टच्या आसपास डीसी असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या या प्रकल्पावर ऊन चढलं तरी एका कोपऱ्यातल्या स्ट्रिंग ओळीने शून्यच दाखवत राहिल्या, तेव्हा कुठे तिकडे माणूस धाडला गेला. तांब्याची केबल कनेक्टरपाशी छाटून नेलेली. कुंपणावर कॅमेरे, कॅमेऱ्यांत ॲनालिटिक्स (चित्रात माणूस की प्राणी हे ओळखून अलार्म देणारं सॉफ्टवेअर), आणि त्या बाजूचा रात्रभरात एकही अलार्म नाही. कॅमेऱ्यांना दिसलं कसं नाही, हे शोधायला मला बोलावलं होतं.

अशा वेळी माझा पहिला संशय सब-स्ट्रीमवर, म्हणजे कॅमेऱ्याकडून येणाऱ्या कमी दर्जाच्या दुसऱ्या चित्रावर असतो. बँडविड्थ वाचवायला बरेच ठेकेदार सर्व्हरवरच्या ॲनालिटिक्सला १९२० पिक्सेल रुंदीचं पूर्ण चित्र न देता ६४० चं छोटं देतात. ६ मिमी लेन्सच्या नेहमीच्या कॅमेऱ्याला ६० मीटरवर साधारण ५४ मीटर रुंदी दिसते. पूर्ण चित्रात मीटरला ३५ पिक्सेल पडतात, छोट्यात जेमतेम १२. आयईसी ६२६७६-४ या निगराणी कॅमेऱ्यांच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत माणूस आहे एवढं नुसतं कळायलाच मीटरला २५ धरले होते. म्हणजे सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या, त्याला खायलाच काही मिळत नाही. इथे मात्र ॲनालिटिक्स कॅमेऱ्यातच, पूर्ण चित्रावर चालत होतं.

दुसरा संशय कोळ्याच्या जाळ्याचा. कॅमेऱ्यातलेच इन्फ्रारेड दिवे चालू असले की लेन्ससमोरचा एक धागाही पांढराफटक उजळतो आणि मागचं सगळं बुजतं. त्यावर टिकाऊ उपाय म्हणजे आतले दिवे बंद करून वेगळा इल्युमिनेटर, म्हणजे सुटा इन्फ्रारेड दिवा, कॅमेऱ्यापासून मीटरभर लांब लावायचा. हा खर्च प्रत्येक निविदेत कापला जातो. या प्रकल्पावरही कोळ्याची जाळी होती, पण चोरीच्या बाजूची लेन्स स्वच्छ निघाली.

मग फुटेज. रेकॉर्डरचं घड्याळ कॅमेऱ्यांच्या सहा-सात मिनिटं पुढे, कारण सगळ्यांची घड्याळं नेटवर्कवरून जुळवणारं एनटीपी कुणी लावलंच नव्हतं. त्या जुळवाजुळवीत विनाकारण वेळ गेला. शेवटी कॅमेऱ्याचा मेटाडेटा, म्हणजे कधी, कुठे, काय दिसलं याच्या नोंदी, काढला आणि उत्तर तिथेच होतं. रात्री दोननंतर, कुंपणाच्या एकाच जागी, थोड्या थोड्या अंतराने चार नोंदी. चारही 'प्राणी'. दीड तासाने त्याच जागेवरून उलट दिशेने पुन्हा चार. कॅमेऱ्याने सगळं पाहिलं होतं, मोजलंही होतं. पण नियम असा की 'प्राणी' असेल तर अलार्म द्यायचा नाही.

माणसं कुंपणाच्या जाळीखालच्या घळीतून, अंगावर घोंगडी घेऊन, सरपटत आत आली होती. आकडे बघितले की कॅमेऱ्याला दोष देववत नाही. ६० मीटरवर उभा माणूस सुमारे ६० पिक्सेल उंच दिसतो. सरपटणारा अर्धा मीटर उंच, म्हणजे १७-१८ पिक्सेल. गावठी कुत्रं २० च्या आसपास. वर्गीकरण शिकवलेलं असतं ते बहुतेक उभ्या, चालत्या माणसांच्या चित्रांवर. घोंगडीखालच्या बुटक्या, लांबट ठिपक्याला त्याने कुत्रा म्हटलं तर त्यात नवल नाही.

प्राण्यांना वगळणारा हा फिल्टर लावणाऱ्यालाही मी मूर्ख ठरवणार नाही. घळ पावसाच्या पाण्याने पडली, कुत्र्यांनी उकरून मोठी केली, आणि रात्रभर कुत्री ये-जा करू लागली. कंट्रोल रूममधला माणूस एकटा, बारा तासांच्या पाळीवर. बझर सतत वाजला तर तो आवाज बंद करणारच, मीही केला असता. प्रकल्पाच्या व्यवस्थापनाला अलार्म कमी हवे होते, ठेकेदाराने एक खूण काढून ते कमी करून दिले. घळ बुजवायला सिमेंट, खडी आणि गवंडी लागतो, फिल्टरला एक क्लिक. खरं काम कुंपणाचं होतं आणि ते सॉफ्टवेअरवर ढकललं गेलं.

राग येतो तो स्वीकृती चाचणीचा, म्हणजे ठेकेदाराकडून काम ताब्यात घेतानाच्या चाचणीचा. कागदावर सही झालेली चाचणी भरदुपारी, हेल्मेट घातलेला इंजिनिअर कुंपणाशेजारून ताठ चालत जातो, अलार्म वाजतो, टिक. निविदेत '९५ टक्के अचूकता' लिहिलेलं. कशाची? दिवसा की रात्री, किती मीटरवर, उभ्या माणसाची की वाकलेल्या? चोर अशा चाचणीसारखा कधीच येत नाही.

आता थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र काढणारा कॅमेरा घ्या, असा सल्ला लगेच आला. थर्मल चांगलंच, जाळं-किडे-अंधाराचा त्याला फारसा त्रास नाही. पण उन्हाळ्यात इथला मुरूम संध्याकाळी बराच वेळ अंगाच्या तापमानाला धरून असतो, तेव्हा माणूस आणि जमीन यांत फरकच उरत नाही. शिवाय जाड घोंगडी अंगाची उष्णता झाकते. आणि एवढं करून थर्मलमध्येही सरपटणारा आकार बुटकाच दिसणार, फिल्टर तोच राहिला तर निकालही तोच.

म्हणून आधी गवंडी लावला. जाळीच्या खालच्या कडेला काँक्रीटची पट्टी, जाळी त्यात फूटभर पुरलेली. आतल्या बाजूने तीन मीटर गवत साफ. कुत्री थांबली तशी त्या पट्ट्यातली प्राण्याची सूट काढून टाकता आली. तिथे आता वर्ग बघायचा नाही, दोन सेकंदांहून जास्त टिकणारं काहीही अलार्म देतं. ससे आणि टिटव्या गळाव्यात म्हणून किमान आकार ठेवलाय, पण तो जवळ, मध्ये आणि लांब अशा तीन जागी माणसाला खरंच सरपटायला लावून ठरवलेला. प्रत्येक खांबाखाली सात-आठ मीटर आंधळी जागा राहते, ती पुढच्या खांबावरच्या कॅमेऱ्याने झाकायची हेही पहिल्या आराखड्यात सुटलं होतं. दोन कॅमेरे फिरवून घेतले. चाचणी रात्री, सर्वांत लांबच्या टोकाला, एकदा सरपटत आणि एकदा पोतं ओढत. ठेकेदाराच्या माणसाने कपडे खराब होतात म्हणून कां-कूं केली, मग प्रकल्पाचाच एक रक्षक तयार झाला.

एक जागा मात्र सुटलेली नाही. उत्तरेकडे कुंपण ओढा ओलांडतं. तिथे खाली काँक्रीट घातलं तर पावसात गाळ आणि काटक्या अडकून जाळीच वाहून जाते, म्हणून लोखंडी गज आहेत, आणि गजांतून कुत्रं सहज येतं. सूट काढली की बझर पुन्हा सुरू. बारीक माणूसही त्या गजांतून येऊ शकतो, आम्ही करून पाहिलं. गज जवळ घ्यावेत तर गाळ साचतो. सध्या तिथे प्राण्याची सूट तशीच ठेवून हालचालीचा वेग बघणारा नियम लावलाय. कुत्रं दुडक्या चालीने निघून जातं, सरपटणारा माणूस सेकंदाला अर्धा मीटरही जात नाही. पण कुत्रं ओढ्यात पाणी प्यायला थांबलं की तोही वाजतो.