तुम्ही विचारलंत म्हणून: खिशातली वही

भोसरीतल्या कारखान्यांसाठी जिग आणि फिक्श्चर, म्हणजे मशीनवर काम चालू असताना सुटा भाग जागेवर पक्का धरणारी आणि हत्याराला दिशा देणारी साधने, डिझाइन करणे हे माझे काम. ऑफिसने चांगला टॅबलेट दिलेला असताना तुम्ही अजून खिशात वही-पेन्सिल का बाळगता, असे मला नेहमी विचारले जाते. टॅबलेटबद्दल माझी तक्रार नाही. अंतिम ड्रॉइंग तपासायला आणि ते दुसऱ्याला पाठवायला तो उत्तमच आहे. परंतु कल्पना अजून कच्ची असते तेव्हा मला कागदच लागतो.

माझी वही ए-६ मापाची, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरची आहे. ती शर्टाच्या खिशात मावते आणि उघडली की दोन पानांची मिळून ए-५ एवढी जागा मिळते. कागदावर ५ मिलिमीटरच्या चौकटी आहेत. एक चौकट १० मिलिमीटरची धरली की चित्र आपोआप निम्म्या मापात उतरते आणि पट्टी शोधावी लागत नाही. पेन्सिल २बी. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण. २बीमध्ये मातीचा अंश एचबीपेक्षा कमी असल्यामुळे, मशीनजवळ उभ्याने, डाव्या तळहातावर वही धरूनही, जोर न देता गडद रेघ उमटते. शिवाय ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. एका जुलैमध्ये कोथरूडहून दुचाकीने जाताना वही भिजली, तेव्हा शाईने लिहिलेले आकडे पसरून गेले आणि पेन्सिलीचे तसेच राहिले.

पण खरे कारण वेगळे आहे. एका ड्रिलिंग फिक्श्चरमध्ये जॉब, म्हणजे भोक पाडायचा सुटा भाग, अधूनमधून तिरका बसत होता. मी टॅबलेटवर त्रिमितीय मॉडेल फिरवून दाखवत होतो आणि ऑपरेटर मामा तेलकट हात पाठीमागे धरून, "बरोबर आहे साहेब," एवढेच म्हणत होते. मग मी वही काढून लोकेटर पिनेचा, म्हणजे जॉबची जागा ठरवणाऱ्या खुंटीचा, छेद ओबडधोबड काढला. त्यांनी हात पुसले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पिनेच्या बुडाशी, जिथे जॉब टेकतो तिथे, एक छोटी खाच काढली. "चिप्स इथं अडकतात. त्यांना जायला वाट द्या." चिप्स म्हणजे ड्रिल करताना निघणारा धातूचा कीस. दुरुस्ती तेवढीच होती. चकचकीत मॉडेलवर बोट ठेवायला त्यांना संकोच वाटत होता. वेड्यावाकड्या चित्रावर रेघ ओढायला वाटला नाही. त्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा तेलाचा डाग अजून आहे.

टूलरूमच्या बैठकीतही मी पाठकोरे कागद चार तुकडे करून वाटतो. कोणी बोलण्याआधी प्रत्येकाने आपला उपाय लिहायचा किंवा काढायचा, मग सगळे तुकडे टेबलावर मांडायचे. असे केले नाही, तर वरिष्ठ पहिले वाक्य बोलतात आणि नव्या मुलांची कल्पना त्यांच्या मनातच राहते.

वहीत शोध घेता येत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून मी पानांना क्रमांक घालतो, पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी सोडतो आणि महत्त्वाच्या पानांचे फोटो त्याच संध्याकाळी जॉबच्या फोल्डरमध्ये ठेवतो. अप्पा बळवंत चौकातून वर्षभराच्या वह्या आणतो, तेव्हा पेन्सिली नेहमी जोडीने घेतो. खिशातली दुसरी पेन्सिल समोरच्या माणसासाठी असते.