आडव्या ‘र’ची उठाठेव

आमच्या घरात निर्जीव वस्तूंना हाका मारण्याची प्रथा माझ्यामुळे सुरू झाली. दिवाणखान्यातला दिवा हाक मारली की लागतो, कधी कधी दुसऱ्याच कुणाला हाक मारली तरी लागतो. मनगटावरचे घड्याळ मी रात्री किती वेळ गाढ झोपलो हे मला सकाळी सांगते आणि ते साफ खोटे असल्याचे पत्नी चहा देता देता सांगते. टेबलावर खटखट वाजणारा एक मेकॅनिकल कीबोर्ड आहे. त्याच्या कळांवर मी मराठी अक्षरांचे चिकटपट्टे लावलेले आहेत, आणि त्यांतले निम्मे आता धुण्याच्या कपड्यांत सापडतात. या साऱ्या वस्तूंचे कौतुक साधारण पंधरा दिवस टिकते. त्यानंतर त्या घरातल्या होतात, म्हणजे त्यांच्यावर धूळ बसते. गेली कित्येक वर्षे ज्याचे कुतूहल ओसरलेले नाही अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती विकत मिळत नाही, आणि ती म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ या शब्दांतला तो भुवईसारखा आडवा ‘र’.

त्याने माझी पुरती फजिती केली ती धाकट्या बहिणीच्या मुलाच्या मुंजीत. मुंज डोंबिवलीला होती, आणि घरातल्या कार्यात तंत्रज्ञ माणसाकडे जे काम हमखास येते ते, म्हणजे पैशांचा हिशेब व्हॉट्सॲपच्या गटात टाकत राहण्याचे काम, माझ्याकडे आले होते. ठाण्याच्या फलाटावर जलद लोकलची वाट पाहत असताना मी घाईघाईने लिहिले, की आचाऱ्यांना आगाऊ म्हणून पाच हजार रुपये दिले आहेत, उरलेले पंगती उठल्यावर द्यायचे आहेत. फोनच्या कीबोर्डने मात्र ‘आचाऱ्यांना’ या शब्दाऐवजी त्याला अधिक प्रतिष्ठित वाटणारा ‘आचार्यांना’ हा शब्द पुढे केला आणि मी तो न वाचताच पाठवला. आमचे मामा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आहेत. दहा मिनिटांत त्यांचे उत्तर आले, ‘मुंजीत बटूचे वडीलच आचार्य असतात. जावयांना आगाऊ म्हणण्याचे कारण कळेल का? आणि म्हटलेच असेल, तर वर पाच हजार कशासाठी?’ जावयांनी त्या संदेशावर अंगठा उमटवला. तो कोणत्या अर्थाने उमटवला हे मी अद्याप विचारलेले नाही.

रागावून काही उपयोग नव्हता, कारण कीबोर्डचीही बाजू समजण्यासारखी आहे. ‘र’ हे आपल्या वर्णमालेतले सर्वांत बहुरूपी अक्षर असावे. ‘सूर्य’ लिहिताना तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘क्रम’ लिहिताना क च्या पोटाखालून तिरका निघतो, ‘राष्ट्र’ लिहिताना ट ला खालून टेकू देतो, आणि ‘दऱ्या’ लिहिताना य च्या आधी आडवा होतो. यांतली इतर रूपे शेजारचे अक्षर पाहून आपोआप ठरतात. र् नंतर य किंवा ह आला की मात्र दोन वाटा फुटतात, आणि त्यांतली कोणती घ्यायची हे डोळ्यांना कळत नाही, ते कानालाच कळते. ‘दर्या’ म्हणताना र मागच्या द वर आदळतो, म्हणून तो द जड होतो. ‘दऱ्या’ म्हणताना तो मागच्याला धक्का न लावता पुढच्या य ला धरून निघून जातो. एकात गलबते चालतात आणि दुसऱ्यात सह्याद्रीचे पाणी उतरते, आणि फरक सारा त्या एका आघाताचा. हिंदी लिहिणाऱ्यांना या आडव्या र ची गरज पडत नाही, संस्कृत लिहिणाऱ्यांना तर नाहीच, त्यामुळे देवनागरीच्या एकत्र कुटुंबात हे मराठी, नेपाळी अशा मोजक्या भाषांचेच एक सवतेसुभे प्रकरण होऊन बसले आहे.

संगणकावर मराठी लिहिण्याची सवय मला लागली ती डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवण्याच्या, जमान्यात. माझ्या लग्नाची पत्रिका ठाण्यातल्या एका अरुंद दुकानात जुळवली गेली, तेव्हा मी ऑपरेटरच्या मागे स्टूल घेऊन तासभर बसलो होतो. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांना स्वतःचे घर नव्हते. ती इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहत असत, आणि ज्यांना तिथेही जागा मिळाली नाही ती अक्षरे ऑल्टची कळ दाबून धरून काही आकडे बडवल्यावर प्रकट होत. आडवा र या दुसऱ्या वर्गातला. ऑपरेटरने अशा अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता मॉनिटरच्या कडेला चिकटवला होता, आणि पत्रिकेत ‘वऱ्हाडी’ हा शब्द आला तेव्हा त्याने तक्त्याकडे न पाहताच तो आकडा दाबला याचे मला त्या दिवशी लग्नापेक्षाही अधिक अप्रूप वाटले होते. त्या पत्रिकेची फाईल मी फ्लॉपीवर मागून घेतली. काही वर्षांनी ती घरच्या संगणकावर उघडली, तेव्हा तो फॉन्ट नसल्यामुळे वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच स्वर यांची एक लांबलचक मिरवणूक निघाली.

ही अडचण जाणकारांना आधीपासून ठाऊक होतीच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. संगणक-संशोधनाची ही सरकारी संस्था १९८८ साली स्थापन झालेली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतावली प्रमाण म्हणून १९९१ साली मान्य झाली, आणि जगभरच्या लिप्यांना एकाच दप्तरात नोंदवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावरून घेतली. तरी सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत हे यायला विंडोज २००० ची आणि तिच्यासोबतच्या ‘मंगल’ फॉन्टची वाट पाहावी लागली. त्या फॉन्टातले ल आणि श हिंदी वळणाचे असल्यामुळे आमच्या मामांना ते कधीच मंगल वाटले नाहीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. आपल्या र चा क्रमांक ०९३०. आता आडवा र स्वतंत्र अक्षर म्हणून नोंदलेला नाही, तो जुळवावा लागतो, आणि जुळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत नेहमीचा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह ठेवायचे. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही, छापल्यावर शाईचा थेंबही लागत नाही. ते फक्त शेजाऱ्यांना सांगते, की तुम्ही जोडलेले आहात असे समजून वागा. ते असले की र डोक्यावर चढत नाही, आडवाच राहतो. दुसऱ्या रीतीत शेजारचा, म्हणजे ०९३१ क्रमांकाचा, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. हे अक्षर मुळात तमिळ-मल्याळममधला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेले आहे. मराठीत ते सबंध कधी लागत नाही, आपण त्याला अर्धे करूनच वापरतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डावर शिफ्टसह इंग्रजी जे ची कळ, मग डी ची, मग तिरक्या रेघेची, अशा तीन ठोक्यांत ‘ऱ्य’ उमटतो, आणि माझ्या मेकॅनिकल कीबोर्डावर तो इतक्या दिमाखात उमटतो की पत्नी आतून विचारते, काय तुटले?

दोन्ही रीतींनी उमटणारा आडवा र दिसायला सहसा एकच असतो. डोळ्यांना एक आणि यंत्राला दोन, ही गोष्ट मला बारा वर्षे माहीत नव्हती आणि त्या बारा वर्षांत मी माझ्या टिपणांचा एक मोठा साठा संगणकावर जमवत होतो. त्यात वाचलेल्या पुस्तकांची टाचणे होती, किल्ल्यांवरच्या भटकंतीच्या नोंदी होत्या, वायफायचे जुने पासवर्ड होते, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतली संभाषणेही मजकुराच्या फाईली करून उतरवून ठेवलेली होती. एकदा नाणेघाटाच्या वाटेची नोंद हवी होती म्हणून ‘दऱ्या’ हा शब्द शोधला, तर यंत्राने अवघ्या सहा नोंदी दाखवल्या. मी इतका कमी हिंडलेलो नाही. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की संगणकावर लिहिलेल्या दऱ्या ०९३१ च्या होत्या आणि जुन्या फोनवर लिहिलेल्या दऱ्या अदृश्य चिन्हाच्या होत्या, आणि एकीला शोधणाऱ्याला दुसरी सापडत नव्हती. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा निघाली. ते युनिकोडात आले २००८ साली, आणि त्याआधी लोक अ पुढे तेच अदृश्य चिन्ह ठेवून वर चंद्र बसवत असत, त्यामुळे माझ्या टिपणांत ‘ॲप’ही दोन जातींचे होते.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवे होते. मी रविवार सकाळ हाताशी धरून पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात घोटाळा झाला तो क्रमाचा. आधी अदृश्य चिन्हाच्या आडव्या र ला ०९३१ चे रूप द्यायचे आणि मग उरलेली चिन्हे पाहायची, असे ठरले होते. प्रत्यक्षात साफसफाईच्या उत्साहात मी सगळी अदृश्य चिन्हे आधीच काढून टाकली. सेकंदाच्या आत माझ्या सह्याद्रीतल्या दऱ्यांचे दर्ये झाले, तऱ्हेवाईक माणसे ‘तर्हेवाईक’ झाली, आणि पायऱ्या, गवऱ्या, सुपाऱ्या या सर्वांच्या डोक्यांवर रफार चढून बसले. एवढे मी समजू शकत होतो. समजले नाही ते नातेवाइकांच्या गटांतले दृश्य. तिथे ज्याने त्याने दिवाळीला, संक्रांतीला, वाढदिवसाला कुटुंबाची ती इवली चित्रे पाठवली होती, ज्यांत आई, वडील, मुलगी आणि मुलगा दाटीवाटीने उभे असतात. ती सर्व कुटुंबे विभक्त झाली होती. जिथे एक कुटुंब होते तिथे आता वडील वेगळे, आई वेगळी, मुलगी वेगळी, मुलगा वेगळा, असे चार मोठाले चेहरे ओळीने समोर पाहत होते.

बराच वेळ शोध घेतल्यावर कारण मिळाले. कुटुंबाचे ते चित्र युनिकोडच्या दृष्टीने एक नसतेच. ती चार माणसे असतात आणि त्यांच्या मध्ये तीन अदृश्य सांधे, असे एकूण सात क्रमांक ओळीने ठेवलेले असतात. आणि ते सांधे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या आडव्या र ला आडवे ठेवणारे तेच बिनरुंदीचे चिन्ह असते. भारतीय आणि अरबी लिप्यांतली अक्षरे नीट जुळावीत म्हणून ठेवलेले ते चिन्ह पुढे इमोजी करणाऱ्यांनी माणसे जुळवण्यासाठी उचलले. म्हणजे ज्याच्या आधाराने ‘वऱ्हाड’ हा शब्द उभा राहतो, त्याच्याच आधाराने ते इवले कुटुंब उभे राहते, आणि मी रविवारी सकाळी दोहोंचाही आधार एकाच आज्ञेत काढून घेतला होता. हा शोध मी अत्यानंदाने पत्नीला सांगितला. ती म्हणाली, ‘घरातली अशी न दिसणारी कामे कोण करते, हे कळायला तुला पायथॉन लागला?’ आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून कुटुंबे परत एकत्र आली. प्रोग्रॅमचा क्रम मी सुधारला, आणि आता माझ्या साऱ्या दऱ्या ०९३१ च्या आहेत.

आमच्या आईला यातले काहीही करावे लागत नाही. ती फोनशी बोलते आणि फोन लिहितो. गूगलने मराठी बोलणे २०१७ साली ऐकू यायला लावले तेव्हापासून तिने एकही अक्षर स्वतः उमटवलेले नाही. मी तिच्या फोनवर मुद्दाम ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ असे आघात देऊन दहादहा वेळा बोलून पाहिले. त्याने कधी हे लिहिले, कधी ते, आणि एकदा ‘दरारा’ लिहिले. मागेपुढे वाक्य असले की मात्र तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणजे तो कानापेक्षा संदर्भावर अधिक विसंबतो असे माझे मत झाले आहे. आईचे मत असे, की मी तिचा फोन बिघडवतो आहे.

यंदा दिवाळीनंतर बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा तेच आचारी होते आणि हिशेबही माझ्याकडेच होता. या वेळी मी फोनच्या सूचनांवर विसंबलो नाही. टेबलाशी बसून, तीन ठोक्यांत तो आडवा र उमटवून, दोनदा वाचून मग संदेश पाठवला, आणि ‘आचाऱ्यांना’ हा शब्द इतका निर्दोष दिसत होता की पुढच्या शब्दाकडे पाहण्याची मला गरजच वाटली नाही. मामांचे उत्तर या वेळी अर्ध्या तासाने आले. त्यांनी कळवले होते, ‘आगाऊ यातला शेवटचा ऊ दीर्घ असतो, तू ऱ्हस्व काढला आहेस. आचारी मात्र शुद्ध आहेत.’ त्यांच्या त्या ‘ऱ्हस्व’ शब्दाकडे पाहताना मला राहवेना. हा आडवा र ०९३० चा की ०९३१ चा, मामांनी तो फोनवर कोणत्या वाटेने आणला असेल, हे पाहावे म्हणून मी ते अक्षर उचलायला बोट टेकवले, पण ते काही केल्या निवडले जाईना. मामांनी ते शाईच्या पेनने वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता.