निवृत्तीनंतर नोकरीचा अर्ज: वयाच्या नकाराला कागदावर उत्तर

58 पूर्ण झाल्यावर अर्ज करायला लागलं की "तुमचं वय जास्त आहे" असं तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही. "कळवतो" म्हणतात, नाहीतर "तुमच्या अनुभवाच्या मानाने हे पद लहान आहे" म्हणतात. कायद्याचा आधार पाहिला तर तो तोकडा आहे. राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करू देत नाही. त्या यादीत वय नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पोटगी, देखभाल आणि कल्याणापुरता आहे, नोकरीबद्दल नाही. त्यामुळे "वय 25 ते 35" अशी जाहिरात देणाऱ्या खासगी कंपनीशी भांडण्यात मी वेळ घालवत नाही. नकारामागे मालकाच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि त्याने विचारायच्या आधी उत्तर द्यायचं, हे मला उपयोगी पडलं.

सगळ्यात मोठी शंका पीएफची असते. वाळूज, चिकलठाण्याच्या लहान कारखान्यांत हिशोब पाहणाऱ्याला वाटतं, निवृत्त माणूस घेतला की पीएफ कार्यालयाची कटकट मागे लागणार. प्रत्यक्षात नियम सरळ आहे. 58 नंतर मालकाच्या वाट्यातून पीएफच्या पेन्शन योजनेत जाणारा हप्ता सहसा जात नाही. मालकाचा 12 टक्के वाटा पूर्ण पीएफ खात्यात जातो, त्याचा खर्च वाढत नाही. चूक होते ती पीएफ कार्यालयाकडे दरमहा ऑनलाइन भरायच्या ईसीआर (चलन आणि विवरणपत्र) फाइलमध्ये. सवयीने पेन्शनच्या रकान्यात 8.33 टक्के टाकले जातात आणि पुढे पैसे काढताना दावा अडकतो. त्या रकान्यात शून्य हवं. 55 नंतर पीएफची पूर्ण रक्कम काढून घेतली असेल तर पुन्हा सभासद होण्याची सक्ती नसते. हे सगळं अर्ध्या पानावर लिहून बायोडाटासोबत द्यावं. हिशोबनीस तुमच्या बाजूने बोलायला लागतो, आणि लहान कारखान्यात त्याचा शब्द वजनदार असतो.

दुसरी शंका तब्येतीची. एमबीबीएस डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट अलीकडच्या तारखेचं काढून ठेवा. रोज जाऊन-येऊन करणार की गावातच राहणार, हेही लिहा. जालन्याच्या स्टील कारखान्यात पहिली शिफ्ट गाठायची तर हा प्रश्न येतोच.

बायोडाटा दोन पानांच्या वर नको. शेवटच्या दहा-बारा वर्षांचं काम सविस्तर, आधीचं दोन ओळींत. जन्मतारीख आणि पदवीचं साल गाळलं तरी चालतं, पण विचारलं तर खरं सांगायचं. आधार, पॅन दाखवायचेच असतात. "संगणकाचे ज्ञान" असं मोघम लिहिण्यापेक्षा टॅलीत व्हाउचर, जीएसटी रिटर्न, एक्सेलमध्ये पगारपत्रक असं जे येतं ते नेमकं लिहा. येत नसेल तर आधी शिका, कारण पहिल्याच आठवड्यात ते उघडं पडतं.

मुलाखत घेणारा मुलाच्या वयाचा असतो आणि त्याला काळजी असते की हे आपलं ऐकतील का. "आमच्या वेळी" हे शब्द तिथे काढूच नयेत. "रिपोर्ट कुणाला द्यायचा आणि किती वाजता?" एवढं विचारलं तरी त्याला बरंच कळतं.

पूर्ण वेळ घ्यायला मालक कचरत असेल तर आठवड्यातले तीन दिवस, ठरलेलं मानधन असा करार सुचवा. हा करार नोकरीचा नसून खरोखर सल्लागाराचा असेल तर यात पीएफ नसतो. सल्लागार शुल्क म्हणून दिलं तर ठरावीक मर्यादेपुढे 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो धरूनच रक्कम बोला. काम, दिवस, सोडण्याची मुदत लेखी घ्या. खासगी नोकरीने सरकारी पेन्शन थांबत नाही. पुन्हा सरकारी आस्थापनेत जायचं असेल तर कोषागारात आधी विचारा, आणि हयातीच्या दाखल्यात पुनर्नियुक्तीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या.

60 वरच्यांना नोकरी शोधण्यासाठी केंद्राचं सेक्रेड पोर्टल 2021 पासून आहे. नाव जरूर नोंदवा, पण त्याच्यावरच विसंबू नका. नोंदणी फी मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

वेळ साधणं फार महत्त्वाचं. साखर कारखान्यांना गाळपाच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात माणसं लागतात. पतसंस्थांना मार्चअखेरीसाठी वसुली आणि हिशोबाचे जाणते लोक हवे असतात, तिथे जानेवारीत जा. लातूरच्या क्लासेस आणि वसतिगृहांची रेक्टर, कार्यालय अशी कामं दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात. या ठिकाणी ऑनलाइन अर्ज टाकून बसू नका, चेअरमन किंवा संचालकांना सकाळी भेटा.